वाफ आणि कार्बन डायऑक्साइड एकाच सेलमध्ये: सिन्गॅसच्या या वाटेची पार्श्वभूमी

सिन्गॅस म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे मिश्रण. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तापलेल्या सेलमध्ये विजेने एकत्र फोडले की ते मिळते. यट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियातून (दोन्ही धातूंची ऑक्साइडे) तापल्यावर ऑक्साइड आयन वाहतात, याचा उपयोग १८९९ मध्ये विजेच्या दिव्यासाठी झाला. त्याच पदार्थाचा इंधन सेल, म्हणजे इंधनापासून थेट वीज देणारा सेल, १९३७ मध्ये चालवून दाखवला गेला. उलट दिशेने वीज देऊन वायू फोडण्याचा विचार बळावला तो १९६० च्या दशकात, अंतराळयानातल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन परत मिळवण्यासाठी. त्या कामात कार्बन मोनॉक्साइड हा टाकाऊ वायू होता. १९७५ नंतर जर्मनीत नळीच्या आकाराच्या सेलवर मोठे काम झाले, पण ते हायड्रोजनपुरते होते. तेल स्वस्त झाल्यावर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते थांबले.

२००० नंतर विषय पुन्हा वर आला, आणि आजचे तंत्र खऱ्या अर्थाने याच काळात घडले. अमेरिकेत अणुभट्टीची उष्णता वापरण्याच्या हेतूने २००८ मध्ये ७२० सेलचा, १५ किलोवॅटचा संच चालवला गेला. डेन्मार्कमध्ये इंधन इलेक्ट्रोडच (वायू जिथे फुटतो तो थर) आधार असलेल्या पातळ सेलवर भर होता: निकेल-झिर्कोनियाचा सुमारे ३०० मायक्रॉनचा थर आणि त्यावर १० मायक्रॉनच्या आसपासचा इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ऑक्साइड आयन वाहून नेणारा थर. आकर्षण उष्णतेच्या हिशेबात होते. ८०० अंश सेल्सिअसला वाफ फोडायला मोलमागे एकूण २४८ किलोज्यूल लागतात. त्यातले १८८ विजेतून द्यावेच लागतात, बाकीचे सेलच्या स्वतःच्या रोधातून निघणारी उष्णता भागवते. वाफेसाठी हा समतोल १.२९ व्होल्टला साधतो, कार्बन डायऑक्साइडसाठी १.४६ व्होल्टला, आणि दोनास एक मिश्रणासाठी १.३४ च्या आसपास.

दोन्ही वायू एकत्र सोडले की एक वाद उभा राहतो आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही: बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड नेमका तयार होतो कुठे? विजेने थेट, की आधी वाफेतून हायड्रोजन निघतो आणि तो निकेलवर कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करतो? ही दुसरी वाट म्हणजे उलटी वॉटर-गॅस शिफ्ट. शुद्ध कार्बन डायऑक्साइडवर सेलचा रोध वाफेपेक्षा ठळकपणे जास्त येतो. काही मापनांत मिश्रणाचा रोध वाफेच्या अगदी जवळ आला, त्यावरून सगळे काम शिफ्टच करते असा निष्कर्ष निघाला. इतर मापनांत तो दोन्हींच्या मधे पडला. मला पहिला निष्कर्ष घाईचा वाटतो. जाड निकेल-थरातून इलेक्ट्रोलाइटजवळच्या १०-२० मायक्रॉनच्या क्रियाशील पट्ट्यात पोहोचेपर्यंत वायूंचा आपसातला समतोल बव्हंशी झालेला असतो. मग केवळ रोध मोजून दोन वाटा वेगळ्या करता येत नाहीत. आत शिरताना शिफ्टचा वाटा मोठा, आणि वाफ संपत आलेल्या निर्गमाकडे थेट अपघटनाचा वाटा वाढतो, असे धरणे अधिक सयुक्तिक आहे.

प्रत्यक्ष चालवताना याचे दोन परिणाम दिसतात. पहिला सोयीचा आहे. सुमारे ८२० अंशांना शिफ्टचा समतोल स्थिरांक १ होतो. त्यामुळे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण, वीज कितीही दिली तरी, आत सोडलेल्या वायूवरूनच ठरते. ५७ टक्के वाफ, १० टक्के हायड्रोजन आणि ३३ टक्के कार्बन डायऑक्साइड दिले की जवळपास २ हे प्रमाण मिळते, फिशर-ट्रॉप्शला, म्हणजे सिन्गॅसपासून द्रव इंधन बनवणाऱ्या प्रक्रियेला, साधारण हवे तेवढे. (तो १० टक्के हायड्रोजन निकेलचे ऑक्सिडीकरण होऊ नये म्हणून असतो.) एका सेलला एका अँपिअरमागे तासाला दोन्ही वायूंची ०.४२ लिटर भर पडते. म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरचे ३० सेल ५० अँपिअरवर तासाला सुमारे ६३० लिटर देतात.

दुसरा परिणाम काजळीचा. निर्गमाचे विश्लेषण सुरक्षित दिसत असतानाही इलेक्ट्रोलाइटलगत कार्बन मोनॉक्साइड साठून कार्बन जमू शकतो, आणि तो निकेलचा थर आतून फोडतो. उष्णतेचा समतोल साधणाऱ्या व्होल्टेजच्या खाली चालवले तर सेल थंड पडतो आणि धोका वाढतो. बाष्पकात पाणी दचके देत उकळत असेल तर व्होल्टेज वरखाली होते. रूपांतर जास्त असताना वाफेचा क्षणभराचा तुटवडाही पुरेसा ठरतो. म्हणून सुरू करताना क्रम असा: हायड्रोजन-नायट्रोजनमध्ये तापवणे, मग वाफ, मग कार्बन डायऑक्साइड, शेवटी हळूहळू विद्युतप्रवाह. बंद करताना नेमके उलटे.

टिकाऊपणाची गाठ हळूहळू सुटली. सुरुवातीच्या चाचण्यांतली बरीच झीज काचेच्या सीलमधून सुटलेल्या सिलिकामुळे आणि पुरवठा वायूंतल्या अशुद्धींमुळे होती, सेलच्या मूळ रचनेमुळे नव्हे. लँथनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचा ऑक्सिजन इलेक्ट्रोड सुटून येण्याची तक्रार कोबाल्ट-फेराइट आणि मधल्या सेरियाच्या थरामुळे कमी झाली. जास्त प्रवाहाला निकेल इलेक्ट्रोलाइटपासून दूर सरकते, हे मात्र अजून चालू आहे.

२०२१ ते २०२३ मध्ये मंगळावर 'मॉक्सी' या उपकरणाने कोरड्या कार्बन डायऑक्साइडपासून १६ फेऱ्यांत १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. हायड्रोजनशिवाय, म्हणजे शिफ्टच्या मदतीविना. थेट वाट आहेच, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे २०१९ मध्ये हवेतून कार्बन डायऑक्साइड टिपण्यापासून द्रव इंधनापर्यंतची साखळी एका कंटेनरात जोडली गेली, दोन्ही वायू एकत्र फोडून सिन्गॅस देणारा सह-अपघटन संच त्यातच होता. युरोपीय संघाने विमान-इंधनात कृत्रिम इंधनाचा किमान वाटा २०३०-३१ साठी सरासरी १.२ टक्के आणि २०५० साठी ३५ टक्के ठरवल्यावर मागणीला कायद्याचा आधार मिळाला.

आता निवड अशी आहे: दोन्ही वायू एकाच स्टॅकमध्ये (एकावर एक रचलेल्या सेलच्या संचात), की फक्त वाफेचा स्टॅक आणि शिफ्टसाठी बाहेर वेगळी भट्टी? दुसऱ्या मार्गात काजळीने महागडा स्टॅक जात नाही, आणि निव्वळ वाफेवरचे संच आकाराने बरेच पुढे गेले आहेत. पण त्या भट्टीला ९०० अंशांच्या आसपासची उष्णता वेगळी पुरवावी लागते. एकत्र मार्गात ती स्टॅकमधूनच मिळते, आणि माझ्या मते हाच फायदा निर्णायक आहे. अट एवढीच की बाहेर पडणारा वायू ४५० ते ७०० अंशांच्या टप्प्यातून झटकन थंड करावा. तिथे रेंगाळला तर कार्बन पोलादात शिरून नळीची भिंत भुकटी होऊन झडते, आणि वाटेत निकेलसारखा उत्प्रेरक असेल तर शिफ्ट उलटी फिरून प्रमाण २ च्या वर जाते.