निकष १.४ आणि २.४ : ऑस्ट्रेलियातल्या शिक्षक-प्रशिक्षणातला ॲबोरिजिनल विषय

ऑस्ट्रेलियात पूर्ण नोंदणीचा शिक्षक व्हायचे तर ३७ निकष पुरे करावे लागतात. त्यांतले दोन देशाच्या मूळ रहिवाशांविषयी, म्हणजे ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटवासी समाजांविषयी, आहेत. १.४ मध्ये या समाजांतल्या मुलांना कसे शिकवायचे ते येते, २.४ मध्ये या समाजांचा इतिहास, संस्कृती आणि भाषा वर्गातल्या सगळ्याच मुलांपर्यंत पोचवणे येते. कामे दोन आहेत आणि त्यांना लागणारी तयारीही वेगवेगळी. तरी गेली चाळीस वर्षे प्रशिक्षण महाविद्यालयांतून ती एकाच मथळ्याखाली शिकवली जातात, आणि बरेचसे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

मागचा इतिहास थोडक्यात. न्यू साउथ वेल्समध्ये १९०२ पासून गोऱ्या पालकांनी हरकत घेतली की ॲबोरिजिनल मुलाला सरकारी शाळेतून काढता येई. राखीव वस्त्यांवरच्या वेगळ्या शाळांत पुष्कळदा वस्तीचा व्यवस्थापक किंवा त्याची बायकोच शिकवी, आणि १९१६ पासून त्या शाळांना वेगळा, हातकामावर भर देणारा तोकडा अभ्यासक्रम होता. प्रवेश नाकारण्याची मुख्याध्यापकाला दिलेली मुभा नियमपुस्तिकेतून गेली ती १९७२ मध्ये, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांविषयीच्या घटनादुरुस्तीसाठी १९६७ मध्ये झालेल्या सार्वमतानंतर पाच वर्षांनी. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच राज्याने देशातले पहिले ॲबोरिजिनल शिक्षण धोरण काढले आणि १९८७ मध्ये ते सर्व सरकारी शाळांना बंधनकारक केले. आदल्या नियमाखाली नोकरीला लागलेले शिक्षक अजून वर्गात होते. नवे धोरण त्यांनीच राबवायचे होते.

उत्तरेत वेगळी वाट धरली गेली. नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून काही शाळांतून द्विभाषिक शिक्षण सुरू झाले. बाहेरून आलेला शिक्षक आणि गावातला साहाय्यक जोडीने शिकवू लागले, आणि साहाय्यकालाच पूर्ण शिक्षक करावे हा विचार जोर धरू लागला. बॅचलर या छोट्या गावी त्यासाठी संस्था उभी राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अनंगू लोकांच्या भागासाठी १९८४ मध्ये आणि क्वीन्सलंडच्या दूरच्या वस्त्यांसाठी १९९० मध्ये अशीच सोय झाली : पदवीसाठी गाव सोडायचे नाही, अभ्यास गावात आणि सरावपाठ गावच्याच शाळेत. इथे बाहेरच्या माणसाला समाज समजावून सांगण्याचा प्रश्न बराचसा उरतच नाही. मात्र ही वाट धोरण बदलले की लगेच खचते. २००८ मध्ये टेरिटरीने रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवण्याचा नियम काढला, तेव्हा मुलांच्या भाषेत शिकवणाऱ्या स्थानिक शिक्षकांचे वर्गातले कामच आकसले. तो नियम नंतर मागे पडला. विस्कटलेल्या जोड्या मात्र सहज जुळत नसतात.

त्याच उत्तरेतून आणखी एक गोष्ट दक्षिणेच्या प्रशिक्षण वर्गांत पोचली आणि तिने बरेच नुकसान केले. आर्नहेम लँडमधल्या मिलिंगिंबी बेटावर १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासात तिथल्या योल्ङू समाजाची मुले पाहून, करून, प्रत्यक्ष कामातून कशी शिकतात याची नोंद झाली होती. एका बेटावरच्या त्या निरीक्षणाचे पुढे ‘ॲबोरिजिनल मुले चित्रांतून शिकतात, शब्दांतून नाही’ असे सूत्र झाले. सिडनीच्या पश्चिम उपनगरात वाढलेल्या, घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलालाही ते लावले गेले. परिणाम असा, की ज्या मुलांना भरपूर वाचायला आणि लिहायला द्यायला हवे होते त्यांच्या हाती रंगवायचे कागद आले. सगळ्या ॲबोरिजिनल मुलांची शिकण्याची शैली एकच मानणाऱ्या या शैलीवादावर संशोधकांनी पुष्कळ टीका केली आहे. तरी नवशिक्या शिक्षकांच्या पाठ-टाचणांत तो अजून भेटतो, कारण तो लिहायला सोपा आहे.

१९८९ मध्ये २१ उद्दिष्टांचे राष्ट्रीय धोरण ठरले. १९९१ मध्ये कोठडीतील ॲबोरिजिनल मृत्यूंच्या चौकशी आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. त्यांतल्या एकीत म्हटले होते, की देशाला ॲबोरिजिनल इतिहास आहे आणि सामाजिक व ऐतिहासिक प्रश्नांकडे पाहण्याची ॲबोरिजिनल दृष्टी आहे, हे प्रत्येक भावी शिक्षकाला शिकवले पाहिजे. शिकवायचे कुठे, किती तास, कोणी आणि तपासायचे कसे, हे विद्यापीठांवर सोडले गेले. इथून खरा वाद सुरू होतो : स्वतंत्र सक्तीचा विषय ठेवायचा, की सगळ्या विषयांत तो मिसळायचा?

चार वर्षांच्या शिक्षण पदवीत साधारण ३२ विषय असतात, दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात १६. स्वतंत्र विषय म्हणजे त्यांतला एक : बारा-तेरा आठवडे, आठवड्याला एक व्याख्यान आणि एक चर्चावर्ग. त्याचा फायदा उघड आहे. वेळ राखून ठेवलेला असतो, परीक्षा असते, आणि शिकवायला ॲबोरिजिनल प्राध्यापक नेमण्याचा आग्रह धरता येतो. तोटे दोन. विषय पहिल्याच सत्रात ठेवला तर पाठ कसा आखतात हेच विद्यार्थ्याला ठाऊक नसते, त्यामुळे सारे ऐकीव राहते. शेवटच्या सत्रात ठेवला तर सरावपाठ संपलेले असतात. दुसरा तोटा आशयाचा. आयुर्मान, तुरुंग, गैरहजेरी यांच्या आकड्यांवर निम्मे सत्र गेले की भावी शिक्षक त्या मुलांकडून आधीपेक्षा कमी अपेक्षा धरून बाहेर पडतो. जे रोखायला विषय ठेवला, तेच होऊन बसते.

मिसळण्याची पद्धत कागदावर अधिक पटते. गणिताच्या अध्यापन पद्धतीत, विज्ञानात, वाचनात, जिथे तिथे ॲबोरिजिनल ज्ञान आले पाहिजे, हे म्हणणे बरोबरच आहे. प्रत्यक्षात अभ्यासक्रमाला मान्यता घेताना एक तक्ता भरायचा असतो : कोणत्या विषयात कोणता निकष शिकवला आणि कोणत्या स्वाध्यायात तपासला. विज्ञान पद्धतीच्या प्राध्यापकाला या बाबतीत स्वतःलाच फारसे माहीत नसेल तर नवव्या आठवड्यात एक लेख वाचायला दिला जातो आणि तक्त्यात खूण होते. अशा आठ खुणा जमल्या की विषय ‘सर्वत्र’ आहे असे दिसते; त्याची जबाबदारी मात्र एकावरही नसते. आधी स्वतंत्र विषय, आणि त्यावर उभे राहून पुढच्या पद्धती-विषयांत त्याचा वापर, हाच क्रम चालतो. खर्च वाचवताना पहिला भाग गाळून दुसरा ठेवायचा मोह विद्यापीठांना वारंवार झाला आहे.

सुरुवातीला सांगितलेले ३७ निकष २०११ मध्ये आले; त्यांनी हा वाद मिटवला नाही, त्याला क्रमांक दिले. निकषांच्या चार पायऱ्या आहेत आणि खरी मेख पहिल्या दोन पायऱ्यांतल्या फरकात आहे. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याकडून १.४ साठी ‘व्यापक ज्ञान आणि समज’ अपेक्षित आहे. दुसऱ्या पायरीवर, म्हणजे पूर्ण नोंदणी घेताना, त्याने स्थानिक समाज, भाषा आणि इतिहास यांना धरून अध्यापन आखलेले आणि राबवलेले असले पाहिजे. पहिली मागणी एका निबंधाने भागते. दुसरीला वर्ग लागतो. मधल्या एक-दोन वर्षांत हे शिकवणारे सहसा कोणी नसते. ज्याच्या शाळेत एकही ॲबोरिजिनल मूल नाही तो पुरावा आणणार कुठून? मग नोंदणीसाठी द्यायच्या पुराव्याच्या फाइलमध्ये जुलैतल्या ॲबोरिजिनल संस्कृतीच्या उत्सव-आठवड्याचा फोटो लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये तो आठवडा बऱ्याचदा हिवाळी सुटीत येतो, म्हणून शाळा तो अलीकडे-पलीकडे साजरा करतात. २.४ च्या शीर्षकात तर मूळ रहिवासी आणि इतर ऑस्ट्रेलियन यांच्यातला सलोखा वाढवण्याची गोष्ट आहे. सलोखा हे राष्ट्राचे काम. ते एका शिक्षकाच्या फाइलमध्ये कसे मोजायचे, याचे समाधानकारक उत्तर आजही नाही.

फाइलींत सर्वाधिक दिसणारी चूक ठिपक्यांच्या चित्रांची. ॲक्रिलिकमधली ती चित्रकला १९७१ च्या सुमारास मध्य वाळवंटातल्या पापुन्या वस्तीत आकाराला आली. तिच्यातल्या काही खुणा विशिष्ट लोकांच्याच अधिकारातल्या असतात. मेलबर्नच्या मुलांकडून ती गिरवून घेणे म्हणजे दुसऱ्याची वस्तू परवानगीवाचून उचलणे, आणि तीही भलत्याच प्रदेशातली. डिजरिडूचेही तेच; ते मुळात उत्तरेचे वाद्य. या खंडात २५० हून अधिक भाषा होत्या, तेव्हा पहिली पायरी शाळा कोणाच्या भूमीवर उभी आहे हे शोधण्याची. कार्यक्रमाच्या सुरुवातीला भूमीचे ऋण कोणीही व्यक्त करू शकतो, त्या भूमीवर पाहुण्यांचे स्वागत मात्र त्या भूमीचे परंपरागत धनीच करतात. पुस्तक निवडताना ते कोणी लिहिले, कोणत्या समाजाविषयी, कोणाच्या संमतीने, हे पाहावे. दिवंगतांची नावे किंवा छायाचित्रे असतील तर काही समाजांत आधी सूचना द्यावी लागते.

१.४ ची तयारी याहून साधी आणि याहून दुर्लक्षित आहे. मधल्या कानाचा दाह या मुलांत फार आढळतो आणि त्याने ऐकू येणे कमी-जास्त होत राहते. सोमवारी उत्तर देणारे मूल गुरुवारी ‘लक्ष देत नाही’ असे वाटते. अशा वेळी मुलाकडे तोंड करून बोलणे, सूचना तुकड्यांत देऊन फळ्यावर लिहिणे, खोलीतला घुमारा कमी करणे आणि जमल्यास वर्गात ध्वनिवर्धक बसवणे उपयोगी पडते. दुसरी बाब भाषेची. ॲबोरिजिनल इंग्रजी ही स्वतःचे व्याकरण असलेली बोली आहे. तिला चुकीचे इंग्रजी समजून लाल रेघा मारल्या की मूल बोलायचेच थांबते. सगळ्यांसमोर एकट्याला उभे करून प्रश्न विचारला, अगदी शाबासकीसाठी का होईना, तरी अनेक मुलांना त्याची शरम वाटते.

शिकवणार कोण, हा प्रश्न तर जुनाच. १९७९ मध्ये १९९० पर्यंत एक हजार ॲबोरिजिनल शिक्षक घडवण्याचे लक्ष्य ठरले होते. २०१२ च्या मोजणीत देशातल्या शिक्षकांत त्यांचे प्रमाण सुमारे १.२ टक्के निघाले, विद्यार्थ्यांत ते ४.९ टक्के होते. शाळेत असा एकच शिक्षक असेल तर उत्सव, भाषण, पालकांशी बोलणे आणि सहकाऱ्यांच्या शंका, सारे त्याच्याच गळ्यात पडते.

२०२३ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणासाठी चार भागांचा गाभा ठरला आणि २०२५ अखेरपर्यंत तो सर्व पदव्यांत आणायची मुदत दिली गेली. मेंदू आणि शिकणे, परिणामकारक अध्यापन, वर्गव्यवस्थापन हे पहिले तीन भाग. ॲबोरिजिनल दृष्टी आणि सांस्कृतिक जाणीव चौथ्यात, कुटुंबांशी संपर्क आणि विविध गरजांच्या मुलांसोबत. विषयांची संख्या तीच राहिल्याने तास कुठून तरी काढावे लागतात आणि स्वतंत्र विषयाचा वाद पुन्हा उघडला आहे.

भारतातली बी.एड. घेऊन तिकडे नोंदणी करू पाहणाऱ्या मराठी शिक्षकांनाही पूर्ण नोंदणीच्या वेळी हे दोन निकष चुकत नाहीत. त्यांच्यासाठी पुरावा म्हणून उत्सवाच्या फोटोपेक्षा एक आखलेला पाठ, त्याचा स्थानिक आधार, मुलांचे काम आणि त्यानंतर पाठात केलेला बदल, हे चार कागद अधिक उपयोगाचे.