टोल भरतो कोण, सोसतो कोण?

धुळ्याजवळच्या लळिंग टोलनाक्यावर नवी कोरी एसयूव्ही आणि तिसऱ्या-चौथ्या मालकाची जुनी मारुती एकामागोमाग आल्या, तर दोघींच्या फास्टॅगमधून सारखीच रक्कम कापली जाते. यंत्राला गाडीचा प्रकार कळतो, मालकाची मिळकत नाही. समजा, जाऊन-येऊन १०० रुपये लागले. दिवसाला ५०० कमावणाऱ्याचा पाचवा हिस्सा गेला, ५,००० वाल्याचा पन्नासावा. अशा आकारणीला अर्थशास्त्रात ‘प्रतिगामी’ म्हणतात.

अर्थात, आपल्याकडचा गरीब माणूस मोटारीत बसतोच कुठे? राष्ट्रीय महामार्गावर मोटारसायकल आणि ट्रॅक्टरला टोल नाही. तो सापडतो एसटीत नाहीतर काळीपिवळीत, आणि तिथे टोल भाड्यात मुरलेला असतो. १५ ऑगस्ट २०२५ पासून वर्षभर किंवा २०० फेऱ्यांचा पास मिळू लागला, सुरुवातीला ३,००० रुपयांत. म्हणजे तेव्हा नाका ओलांडायला १५ रुपये. पण तो फक्त खासगी मोटार, जीप, व्हॅनला. दाटीवाटीने भरलेल्या काळीपिवळीला नाही. हे मला तरी उलटं वाटतं.

मग ट्रकवाल्यांकडून जास्त घ्यावं? राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या टोल नियमांत मोटारीचा मूळ दर किलोमीटरला ६५ पैसे, दोन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या) ट्रकचा २ रुपये २० पैसे. साडेतीन पटही नाही. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांतून दिसलं, की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट तर झीज सोळापट, दहापट तर दहा हजारपट. झिजेच्या हिशेबाने ट्रक स्वस्तातच सुटतो.

पण त्या ट्रकमध्ये रावेर-यावलची केळी असते. कराचा भार शेवटी त्याच्यावर पडतो, ज्याला थांबता येत नाही. कापूस भाव येईपर्यंत घरात भरून ठेवता येतो. घड एकदा कापला की त्याचे दिवस मोजलेले. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला केळी महाग वाटली तर तो दुसरं फळ घेतो. म्हणून मंदीत व्यापारी गाडीभाडं, टोल सगळं धरूनच बागेतला भाव सांगतो, आणि नाक्यावर कधी न गेलेला शेतकरी टोल भरून बसतो. माल कमी असला, व्यापारीच बागा शोधत फिरू लागले, की तोच टोल दिल्लीच्या गिऱ्हाइकाकडे सरकतो.