नवरा-बायकोचं पाकीट एकच?

‘घरात पैसा कुणाच्याही हाती द्या, खर्च तोच होतो,’ हा मेसेज जुनाच. ऐकायला पटतोही. पण ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाअखेरीस मुलांसाठीची मदत वडिलांच्या पगारातल्या करसवलतीऐवजी थेट आईच्या हाती जाऊ लागली, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायका-मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला.

प्रयोगात हे तपासायची रीत सोपी. दोघांना वेगळं बसवून पैसे द्यायचे. सामायिक डब्यात टाकलेली रक्कम दीडपट होऊन निम्मी-निम्मी वाटली जाते. पाकीट खरंच एक असेल, तर दोघंही सगळेच पैसे टाकतील, कारण घरात एकूण पैसा तेव्हाच सर्वांत जास्त येतो. बरीच जोडपी काही मागे ठेवतात. (लालबागच्या चाळीत तांदळाच्या डब्यात नोटा सापडल्या, तर आजीला विचारा.) घरी करून बघायचं असेल तर एकमेकांच्या पाकिटांत मात्र डोकावू नका, नाहीतर आकडे बदलतात.