पार्श्वभूमी : वरचं स्थानक, वीस टनांपासून बावन्न टनांपर्यंत

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी निघाली तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या शेजारी उभे असलेले एक आजोबा डब्याच्या पत्र्यावरून हात फिरवत होते, पोळ्याला बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९५ साली. आजोबा म्हणाले, "माझं पोरगं शाळेत होतं तवा ऐकलं होतं गाडी येणार म्हणून. आता त्याचं पोरगं दहावीला हाय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सांगत होतो, तर आठवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मग ते वरचं स्थानक कधी होणार?"

तिच्या प्रश्नाला कारण होतं. महिन्याभरापूर्वी, २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त, इस्रोने दिल्लीच्या भारत मंडपममध्ये भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या भागाची प्रतिकृती मांडली होती. तिचं वर्तमानपत्रातलं चित्र मुलांनी कापून फळ्याशेजारी चिकटवलं होतं. तारखा पुढे जाणं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या मुलांना शिकवावं लागत नाही. पण अंतराळ स्थानकाच्या तारखा आणि आराखडे ज्या कारणांनी बदलतात ती कारणं वेगळी असतात, आणि ती मुलांना नीट सांगता आली पाहिजेत असं मला मनापासून वाटलं. त्यासाठी जी जुळवाजुळव केली, ती इथे मांडतो आहे.

आधी आजचा आराखडा. पृथ्वीपासून ४५० किलोमीटर उंचीवर फिरणारं, पाच भागांचं, सुमारे ५२ टनांचं स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं आहे. त्याचा पहिला भाग म्हणजे बीएएस-०१ (बीएएस हे भारतीय अंतरिक्ष स्थानकाचं इंग्रजी लघुरूप). वजन १० टन, लांबी ८ मीटर, व्यास ३.८ मीटर, आणि तो २०२८ मध्ये सोडायचा आहे. आम्ही मैदानावर फक्कीने हे माप आखलं. अख्खा वर्ग त्या चौकोनात दाटीवाटीने बसला. मग मी सांगितलं की याच जागेत झोपायचं, जेवायचं, व्यायाम करायचा, प्रयोग करायचे, आणि हवा-पाण्याची सगळी यंत्रणाही इथेच बसवायची. तेव्हा एकेक जण आपणहून उठून बाहेर जायला लागला. शेवटी आत तिघं उरली.

हा आराखडा पहिल्यापासून असा नव्हता. भारत स्वतःचं स्थानक बांधणार हे पहिल्यांदा जाहीरपणे सांगितलं ते जून २०१९ मध्ये, इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी. त्या वेळी बोलणं होतं २० टनांच्या छोट्या स्थानकाचं. उंची सुमारे ४०० किलोमीटर, आणि अंतराळवीर तिथे १५ ते २० दिवस राहणार. मुदत होती गगनयान, म्हणजे भारताच्या स्वतःच्या यानातून माणूस अंतराळात नेण्याची मोहीम, झाल्यानंतर पाच ते सात वर्षांची. गगनयानची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ ला लाल किल्ल्यावरून झाली होती आणि त्यासाठी २०२२ हे वर्ष ठरलं होतं. म्हणजे त्या हिशेबाने स्थानक २०२७ ते २०२९ च्या दरम्यान व्हायचं.

मग कोविड आला आणि कामं थांबली. शिवाय माणूस बसवायचा म्हटल्यावर प्रत्येक भागाची चाचणी नव्याने करावी लागते, आणि त्यात कोणाला घाई करता येत नाही, करूही नये. उड्डाणात काही बिघडलं तर अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून ओढून दूर नेणाऱ्या यंत्रणेची गगनयानसाठीची प्रत्यक्ष उड्डाणातली पहिली चाचणी झाली २१ ऑक्टोबर २०२३ ला. गगनयान पुढे सरकलं तसं त्याच्या पाठीला बांधलेलं स्थानकही सरकलं.

या बाबतीत जगाचा अनुभवही असाच आहे. आमच्या गावातली साठीच्या पुढची माणसं अजून 'स्कायलॅब' हा शब्द बोलतात. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेचं ते सुमारे ७७ टनांचं स्थानक खाली येणार म्हणून गावोगाव धास्ती होती. माझी आई सांगते, ऐन उकाड्यात लोकांनी माळवदावर झोपणं बंद केलं होतं. ११ जुलैला त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. ते का पडलं, ही गोष्ट मात्र गावात कोणी सांगत नाही. १९७३ मध्ये गेलेल्या स्कायलॅबला ढकलून वर नेण्यासाठी स्पेस शटल हे पुन्हापुन्हा वापरता येणारं नवं यान वापरायचा बेत होता. सूर्याचा जोर वाढला, वरचं विरळ वातावरण फुगलं आणि स्कायलॅब अंदाजापेक्षा लवकर खाली सरकायला लागलं. शटलला मात्र उशीर होत गेला. ते पहिल्यांदा उडालं एप्रिल १९८१ मध्ये, स्कायलॅब पडून पावणेदोन वर्षं झाल्यावर.

स्थानक एकट्याने उभं राहत नाही, ते त्याच्या गाडीच्या भरवशावर असतं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २५ जानेवारी १९८४ ला अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी दहा वर्षांच्या आत कायम वस्तीचं स्थानक बांधायचं जाहीर केलं. त्याच वर्षी ३ एप्रिलला आपले राकेश शर्मा सोव्हिएत यानातून सॅल्यूत-७ या स्थानकावर गेले आणि जवळपास आठ दिवसांनी परतले. रेगन यांच्या स्थानकाला पुढे 'फ्रीडम' हे नाव मिळालं. पण खर्चाचे आकडे वाढले की आराखडा छाटायचा, छाटला की पुन्हा हिशेब करायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. जून १९९३ मध्ये अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ते रद्द करण्याचा प्रस्ताव आला आणि २१६ विरुद्ध २१५, अशा एका मताने फेटाळला गेला. फ्रीडम त्या नावाने आणि त्या रूपात कधीच बांधलं गेलं नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियाच्या न झालेल्या मीर-२ स्थानकाचा आणि फ्रीडमचा आराखडा एकत्र करून आजचं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आकाराला आलं. त्याचा पहिला भाग गेला २० नोव्हेंबर १९९८ ला. दोन न बांधलेल्या स्थानकांमधून एक बांधलं गेलं, असंच म्हणावं लागेल.

चीनला त्या आंतरराष्ट्रीय गटात जागा नव्हती. त्यांनी २०११ मध्ये एक छोटी प्रयोगशाळा सोडली, तिच्यावर जोडणी शिकून घेतली, आणि २०२१-२२ मध्ये तिआनगाँग हे स्वतःचं स्थानक पूर्ण केलं.

भारताकडे परत येऊ. चांद्रयान-३ उतरल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ ऑक्टोबर २०२३ ला, पंतप्रधानांनी इस्रोला दोन लक्ष्यं दिली : २०३५ पर्यंत स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस. पैशाची मंजुरी आली १८ सप्टेंबर २०२४ ला. मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमात ११,१७० कोटी रुपयांची भर घातली, एकूण आकडा २०,१९३ कोटींवर गेला, आणि स्थानकाचा पहिला भाग या कार्यक्रमातच धरला. डिसेंबर २०२८ पर्यंत एकूण आठ मोहिमा करायच्या आहेत. त्याच दिवशी पुढच्या पिढीच्या मोठ्या रॉकेटसाठीही ८,२४० कोटी मंजूर झाले. मला हा दुसरा निर्णय पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

कारण पहिला भाग १० टनांचाच का, याचं उत्तर रॉकेटमध्ये आहे. आपलं सर्वांत ताकदवान एलव्हीएम-३ आज पृथ्वीजवळच्या कक्षेत साधारण ८ टन नेतं. ते १० टनांवर नेण्यासाठी त्याचा मधला टप्पा बदलून तिथे सेमी-क्रायोजेनिक इंजिन बसवायचं आहे. हे इंजिन द्रवरूप ऑक्सिजन आणि शुद्ध केलेल्या रॉकेलवर चालतं. या इंजिनाच्या मुख्य भागाची पहिली यशस्वी तप्त चाचणी, म्हणजे प्रत्यक्ष पेटवून केलेली चाचणी, तमिळनाडूत महेंद्रगिरीला झाली, २८ मार्च २०२५ ला. नवं मोठं रॉकेट आलं की ३० टनांपर्यंत वजन वर जाईल. म्हणजे स्थानकाचा पहिला भाग जुन्या गाडीच्या मापाने बेतला आहे, आणि पुढचं बरंचसं काम नव्या गाडीवर अवलंबून आहे.

भाग वर जाऊन उपयोग नाही, ते एकमेकांना जोडता आले पाहिजेत. यासाठीचा स्पेडेक्स प्रयोग ३० डिसेंबर २०२४ ला श्रीहरिकोट्याहून गेला. प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह. जोडणीची तारीख ७ जानेवारी ठरली, मग ९, तीही गेली. १२ तारखेला दोघं तीन मीटरवर आले आणि पुन्हा मागे घेतले गेले. त्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या कितीतरी लोकांनी "फसलं वाटतं" असं म्हटलं. पण तीन मीटरवरून मागे येता येणं हीच तर परीक्षा होती. १६ जानेवारीला जोडणी झाली, १३ मार्चला ते सुखरूप सुटेही झाले. असं करणारा भारत चौथा देश.

त्याच रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर एका छोट्या पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चार दिवसांत त्यांना मोड आले. खरिपात कापसाच्या ओळींत जी चवळी आपण टाकतो, तीच. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर १८ दिवस राहिले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांत मूग आणि मेथी होती. मोड आलेले मूग हा काही आमच्या वर्गाला परका विषय नाही, त्यामुळे त्या दिवशी तास संपला तरी कोणी उठेना.

आणि पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या रांगेत मी माझ्या मावशीसोबत घागर घेऊन उभा राहिलो आहे. वर स्थानकात तर टँकरही हवा तेव्हा पोचत नाही. त्यामुळे घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गोळा करून पुन्हा पिण्याचं पाणी करावं लागतं. आंतरराष्ट्रीय स्थानकावर २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. हवा-पाणी सांभाळणारी ही यंत्रणा भारताला बाहेरून मिळाली नाही, म्हणून ती इथेच बनवायची ठरलं. मला विचाराल तर बावन्न टनांपेक्षा हे काम अवघड आहे. रॉकेट काही मिनिटांत आपलं काम करून मोकळं होतं. पाण्याच्या यंत्रणेला मात्र रोज, न थांबता चालावं लागतं.

मराठवाड्यात विज्ञानाचं आणखी एक मोठं काम व्हायचं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे अतिसूक्ष्म तरंग, टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा. तिला तत्त्वतः होकार मिळाला २०१६ मध्ये, २,६०० कोटींची मंजुरी २०२३ मध्ये. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा जिथे येणार त्या बाजूला मी मुलांना सहलीला नेणार आहे.

त्या मुलीला मी पूर्ण उत्तर त्याच दिवशी दिलं नाही. आधी सगळ्यांना पहाटे शाळेच्या गच्चीवर बोलावलं आणि आंतरराष्ट्रीय स्थानक दाखवलं. चांदणीपेक्षा ठळक, अजिबात न लुकलुकणारा ठिपका वायव्येकडून आला आणि पाच मिनिटांत आग्नेयेला उतरला. "आपलं स्थानक आपल्या डोक्यावरून जाईल का?" असं एकाने विचारलं. बीड १९ अंश उत्तरेला आहे. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी यापेक्षा जास्त कललेली असली की ते कधी ना कधी डोक्यावरून जातंच. आंतरराष्ट्रीय स्थानकाचा कल ५१.६ अंशांचा आहे.

आता त्या चित्राखाली मुलांनी तारखांचा तक्ता केला आहे. १६ जानेवारी २०२५ शाईने लिहिली आहे, १५ जुलै २०२५, शुक्ला परतले तो दिवस, तोही शाईने. मानवरहित गगनयान, माणसासह गगनयान, २०२८, २०३५ या चार ओळी त्यांनी पेन्सिलने लिहिल्या आहेत.