स्टँडिंग इन्स्ट्रक्शन की नॅच मँडेट? पुढच्या तारखेचे चेक बंद करण्याआधी

कर्ज मंजूर झालं की सह्या केलेले चेक देऊन मोकळं व्हायचं, ही सवय बेळगावात शहापूर-वडगावच्या यंत्रमागवाल्यांपासून उद्यमबागेतल्या फाउंड्रीपर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. तीन वर्षांचा मासिक हप्ता म्हणजे 36 चेक. त्यातल्या एखाद्यावर रकमेत खाडाखोड झाली की तो परत, मग नवा चेक आणि शाखेत आणखी एक फेरी. तसं पाहिलं तर चेक बंद केल्याने वाचणारा कागद मूठभरच. पेट्रोल मात्र बरंच वाचतं. खानापूरहून बेळगावला जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात.

चेकऐवजी काय, असं विचारलं की काउंटरवर दोन नावं ऐकू येतात आणि बहुतेकांना ती एकच वाटतात. फरक इतकाच, की स्टँडिंग इन्स्ट्रक्शनमध्ये पैसे तुम्ही धाडता आणि नॅचमध्ये समोरचा येऊन उचलतो.

स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हणजे तुम्ही तुमच्याच बँकेला दिलेला हुकूम: दर महिन्याच्या 7 तारखेला शेडच्या भाड्याचे 12,000 रुपये मालकाच्या खात्यात टाका. मालकाचं खातं दुसऱ्या बँकेत असेल तर रक्कम एनईएफटीने जाते. नेट बँकिंगमधून पाच मिनिटांत सुरू होतं, हवं तेव्हा थांबवता येतं. पण रक्कम ठरलेली लागते. हेस्कॉमचं विजेचं बिल दर महिन्याला वेगळं येतं, तिथे हे चालत नाही. शिवाय खात्यात शिल्लक नसली तर भाडं जात नाही आणि मालकाला कुणी कळवतही नाही. त्याचा फोन येतो तेव्हाच तुम्हाला समजतं.

नॅच मँडेट ही फायनान्स कंपनीला किंवा विमा कंपनीला तुमच्या खात्यातून पैसे उचलण्याची दिलेली परवानगी. ती कंपनी आपल्या बँकेमार्फत एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या, यंत्रणेतून मागणी पाठवते आणि तुमची बँक रक्कम वळती करते. इथे शिल्लक कमी पडली की मागणी परत जाते, तुमची बँक दंड लावते, कंपनी वेगळा लावते आणि हप्ता थकल्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, जाऊ शकते. ‘चेकच नाही, तर बाऊन्सची केस कसली?’ असा एक गोड गैरसमज आहे. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 मध्ये अशा परतीसाठीही चेक बाऊन्ससारखीच दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेचा. 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच रविवारी आणि बँकेच्या सुट्टीलाही चालतं. हप्त्याची 5 तारीख रविवारी आली तर शनिवारची वसुली शनिवारीच खात्यात भरलेली हवी. बहुतेक ठिकाणी वजावट सकाळीच होते. दुपारी गल्ला मोजून केलेला भरणा उपयोगी पडत नाही. भाड्याची इन्स्ट्रक्शन हप्त्याच्या आदल्या दिवशी ठेवू नका. भाडं जातं, हप्ता अडकतो आणि दोन्हींत महाग पडतो तो हप्ताच.

मँडेट नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारवरून दिलं तर कागद लागत नाही. भागीदारीच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागत असतील तर मात्र ऑनलाइन जमत नाही, कागदी फॉर्मच भरावा लागतो. त्यात खात्याचा प्रकार नीट पाहा. बचतीसाठी ‘एसबी’, करंटसाठी ‘सीए’, कॅश क्रेडिटसाठी ‘सीसी’. फर्मच्या खात्यावर सहीखाली रबरी शिक्का नोंदवलेला असेल तर फॉर्मवरही तो हवा. नुसत्या सहीचा फॉर्म परत येतो. आणि ‘फिक्स्ड’ (दरवेळी तीच रक्कम) व ‘मॅक्झिमम’ (जास्तीत जास्त इतकी रक्कम) या दोन चौकटींकडे लक्ष द्या. हप्ता 18,450 चा आणि मॅक्झिममच्या रकान्यात 40,000 लिहिलेले असतील, तर कंपनी 40,000 पर्यंतची मागणी पाठवू शकते. एजंट हा आकडा कोरा ठेवून सही मागतो, तेव्हा पेन खाली ठेवा. फॉर्म बहुधा इंग्रजीत असतो, म्हणून हे दोन शब्द ओळखता आलेच पाहिजेत.

सोसायटीत, म्हणजे पतसंस्थेत, खातं असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. पिग्मीतून (रोजच्या बचतीतून) त्याच सोसायटीच्या कर्जाचा हप्ता वळता करून घेता येतो, पण बाहेरच्या कंपनीचं मँडेट त्या खात्यावर लागत नाही. त्यासाठी बँकेतलं खातं लागतं.

बंद करतानाही दोन्हींची रीत वेगळी. इन्स्ट्रक्शन तुमच्या एका क्लिकवर संपते. मँडेट रद्द करायला यूएमआरएन हा 20 अक्षरी क्रमांक लागतो; तो वजावटीच्या एसएमएसमध्ये किंवा नेट बँकिंगमधल्या मँडेटच्या यादीत सापडतो. मँडेट रद्द केल्याने कर्ज मात्र माफ होत नाही, हप्ता दुसऱ्या मार्गाने भरावाच लागतो. आणि कर्ज मुदतीआधी फेडलंत, तरी मँडेट त्यावर लिहिलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत जिवंत राहू शकतं. ना-हरकत पत्र हातात घेताना त्याच टेबलावर मँडेट रद्द झाल्याचं लेखी मागा, आणि आठवड्याने यादी उघडून ते खरंच गेलंय का ते पाहा.