गिअर बॉक्स घरीच उतरवायचाय? आधी हे वाचा

गिअर अडकतोय म्हणजे बॉक्स गेलाच असं धरून लोक आमच्याकडे येतात, आणि बघावं तर कित्येकदा गिअर केबलचा बोटाएवढा बुश (केबलच्या टोकाची छोटी रिंग) झिजलेला निघतो. म्हणून पाने काढायच्या आधी एवढं करा. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, क्लच सोडलेला, तेव्हा घरघर येते आणि दाबला की बंद होते? मग बहुतेक बॉक्सच्या आतलं इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय. दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग, पण त्यासाठीही बॉक्स उतरवावाच लागतो, काय करणार. इंदूरजवळचा भेरूघाट चढताना इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी ओढत नाहीये तर आधी क्लच प्लेट बघा.

तरी घरीच करायचं ठरलं तर जागा सपाट आणि पक्की हवी, सुदामा नगरच्या गल्लीत उतारावर हा उद्योग नको. एक्सलचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच ढिला करा, नंतर सुटत नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, स्टार्टरच्या जाड वायरमध्ये चावी बंद असली तरी करंट असतो. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर अजिबात नाही!! माउंट (इंजिन-बॉक्स गाडीला धरून ठेवणारे रबरी आधार) खोलायच्या आधी इंजिनखाली फळी लावून टेकू द्या.

खरी गडबड बसवताना होते. बॉक्स अर्धवट लटकत ठेवून चहाला गेलात की सगळं वजन क्लच प्लेटच्या हबवर येतं, तो वाकतो, मग नवी प्लेट टाकूनही क्लच झटके देतो आणि लोक पार्टला शिव्या घालतात. प्लेट सेंटरला बसवायची डमी शाफ्ट आमच्याकडून न्या, डिपॉझिट ठेवा, भाडं नाही. इंजिन आणि बॉक्समधली फट हाताने मिटली पाहिजे, बोल्ट आवळून ओढलंत तर हाउसिंगचा (बॉक्सच्या कवचाचा) बोल्टचा कान तुटतो. बॉक्स खाली आहेच तर क्लच सेट आणि ऑइल सील बदलूनच टाका.

जुना बॉक्स घेणार असाल तर ड्रेन प्लग बघा, मॅग्नेटवर करडा लगदा चालतो, लोखंडाचे तुकडे दिसले तर परत करा.

ऑटोमॅटिक मात्र घरी नको. टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) पूर्ण आत न बसवता बोल्ट आवळले की बॉक्सचा ऑइल पंप फुटतो.

आणि काढलेलं ऑइल नालीत ओतू नका, इंदूर आहे, चलान फाटेल. कॅनमध्ये भरून आमच्याकडे आणून द्या.