जेझुइटांच्या विद्यापीठात राहायचं म्हणजे रोज चर्चला जावं लागतं?

अमेरिकेला निघालेल्या मुलांच्या घरी हा समज वर्षानुवर्षं फिरतोय: विद्यापीठ जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांचं असेल, तर वसतिगृहात प्रार्थनेची सक्ती आणि मागोमाग धर्मांतराचा आग्रह. हे खरं नाही.

वॉशिंग्टनचं जॉर्जटाऊन हे जेझुइटांचं विद्यापीठ घ्या. १७८९ साली स्थापन झालेलं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ. तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना होते, पण जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. १९९९ पासून तिथे पूर्णवेळ इमाम आहेत, २०१६ मध्ये हिंदू धर्मगुरूंची नेमणूक झाली. हिंदू, बौद्ध, जैन, शीख मुलांसाठी 'धर्मालय' नावाची स्वतंत्र जागा आहे, तिथे आरती होते. वसतिगृहांत काही धर्मगुरू मुलांच्या शेजारच्याच खोल्यांत राहतात, हेही खरं. मात्र ते हजेरी घेत नाहीत. घरची आठवण आली, परीक्षेचा ताण आला, तर त्यांचं दार वाजवता येतं. घरापासून इतक्या लांब असलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हा केवढा आधार आहे!

सक्ती आहे ती वेगळी. पदवीच्या मुलांना धर्मविचाराचे दोन विषय घ्यावे लागतात, पण तो अभ्यास आहे, उपासना नव्हे. शिवाय पहिली तीन वर्षं विद्यापीठाच्याच आवारात राहावं लागतं. आईवडिलांनी चौकशी करायची तर तिथे राहण्याच्या या खर्चाची करावी. एमएसला जाणाऱ्यांना हा राहण्याचा नियम लागू नाही, त्यांना बहुधा बाहेरच खोली शोधावी लागते.